कागदावर राहिलेली बाग



ज्यांच्या स्मृतीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, ते इतिहासाचे शिक्षक होते. गावोगावची जुनी दप्तरे, जमाखर्चाच्या वह्या, लग्नपत्रिका, पिवळी पडलेली छायाचित्रे त्यांनी आयुष्यभर जमवली. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते बोलायला मला यापेक्षा योग्य जागा सापडली नसती. विषय दूरच्या देशातला आहे. जपानमधल्या दोन जुन्या बागा आणि त्यांना भिडलेले दुसरे महायुद्ध. या जागा मी एका दिवसात पाहिल्या, सकाळी ओकायामात आणि दुपारनंतर हिरोशिमात. शिंकानसेन गाडीने या दोन शहरांत साधारण चाळीस मिनिटांचे अंतर आहे.

ओकायामा हे नाव पुणेकरांना परके नाही. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे यांच्या नावाची बाग म्हणजेच पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. 10 एकरांची ही बाग ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर आखली आहे. ‘पूर्वरंग’मध्ये जपानवर मनापासून लिहिणाऱ्या पुलंचे नाव तिला शोभूनही दिसते. सुट्टीच्या संध्याकाळी तिथल्या पुलांवर आणि पाण्याकाठी गर्दी असते. जिच्यावरून ही बाग आखली ती मूळ बाग 1945 च्या जून महिन्यात होरपळली होती, हे त्या गर्दीतल्या किती जणांना ठाऊक असेल, याचा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.

आधी ती मूळ बाग कशी आहे ते सांगतो. ओकायामाचा संस्थानिक इकेदा त्सुनामासा याने 1687 मध्ये त्सुदा नागातादा या आपल्या कर्तबगार अधिकाऱ्याकडे बागेचे काम सोपवले. 1700 मध्ये मुख्य काम पुरे झाले. आसाही नदीच्या एका काठावर काळाभोर किल्ला आणि समोरच्या काठावर ही बाग. जपानी बाग म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे आखीव वाळू आणि तीन-चार दगड येतात. कोराकुएन तशी नाही. एकूण विस्तार सुमारे 13 हेक्टर. मध्यभागी मोकळी हिरवळ, तिच्यातून वळणे घेत जाणारा 640 मीटर लांबीचा ओहोळ, तीन बेटांचा तलाव, सहा मीटर उंचीची एक टेकडी. एका बाजूला चहाचा मळा आहे आणि चौकोनी आखणीचा भातशेतीचा तुकडाही आहे. संस्थानिकाच्या विलासाच्या जागेत भाताचे खाचर असावे, हे मला फार आवडले. कोणाच्या घामावर ही हिरवळ उभी आहे, याची आठवण तिथे नजरेसमोर राहते. ठरावीक दिवशी प्रजेलाही बाग पाहायची मुभा असे. 1884 मध्ये ती सरकारकडे आली आणि सगळ्यांसाठी खुली झाली.

मी गेलो तेव्हा जुलै संपत आला होता. सकाळी लवकर आलेले लोक कमळे पाहत होते. पाण्याच्या कडेला गुडघे टेकून एक वयस्क माळीण हाताने तण उपटत होती. कपडा टाकून झाकावा एवढा तुकडा साफ झाला की ती हातभर पुढे सरके. रिकाम्या हाताने बाग पाहणारा मी एकीकडे आणि ती बाग रोज नव्याने घडवणारी ही बाई दुसरीकडे. तीनशे वर्षांची बाग म्हणजे एवढी वर्षे एकही दिवस खंड न पडता कोणीतरी असे वाकलेले असणे.

पण खंड पडला होता. 29 जून 1945 रोजी पहाटे तीनच्या सुमारास अमेरिकेची सुमारे 140 बी-29 विमाने ओकायामावर आली. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. शहर झोपेत होते. आगलावे बाँब लाकडी घरांवर कोसळले आणि उजाडेपर्यंत शहराचा मोठा भाग राख झाला. 1,700 हून अधिक माणसे मेली. 1597 मध्ये उभा राहिलेला किल्ल्याचा मनोरा जळाला. नदीपलीकडच्या बागेतल्या बहुतेक वास्तूही गेल्या. ज्या मंडपातून ओहोळ वाहतो तो र्‍यूतेन मंडप मात्र वाचला. आजही तिथे चपला काढून पाण्यात पाय सोडून बसता येते.

युद्ध संपल्यावर उपाशी आणि बेघर झालेल्या शहराने बाग पुन्हा उभी करायचे ठरवले. हे ठरवणे मला जेवढे मोठे वाटते, तेवढीच महत्त्वाची वाटते ती कामाची पद्धत. कोणी नव्याने आराखडा काढला नाही. इकेदा घराण्याच्या दप्तरात बागेची जुनी चित्रे, नकाशे आणि नोंदी जपून ठेवलेल्या होत्या. हे दप्तर आज ओकायामा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. कोणता मंडप कुठे होता, पाणी कुठून वळत होते, झाडांची ओळ कुठवर होती, हे त्या कागदांवरून ठरवता आले. 1934 च्या महापुराने झालेली नासधूस अशीच निस्तरली होती. जे तिथल्या तिथे उभे करता आले नाही त्यासाठी दुसरीकडे शोध घेतला गेला. इवाकुनीच्या किक्कावा घराण्याचा एक जुना वाडा 1949 मध्ये इथे आणून उभारला. नोह नाटकाचा रंगमंच 1958 मध्ये आणि संस्थानिकाची मुख्य बैठक 1960 मध्ये पुन्हा बांधली.

बागेतल्या क्रौंचांची गोष्ट वेगळी आहे. डोक्यावर लाल टिळा असलेले हे पक्षी संस्थानिकांच्या काळापासून इथे पाळले जात. युद्ध आणि त्यानंतरची धामधूम यांत ते उरले नाहीत. ग्वो मोरुओ हे चिनी लेखक तरुणपणी ओकायामात शिकले होते. पुढे जपानमध्येच राहत असताना 1937 मध्ये जपानने चीनवर चढाई केली, तेव्हा ते मायदेशी परतून प्रतिकारात सामील झाले. 1955 च्या अखेरीस ते ओकायामाला आले आणि पुढच्या वर्षी त्यांनी बागेसाठी दोन क्रौंच पाठवले. ज्या देशाच्या सैन्याने आपला देश तुडवला, त्याच देशातल्या आपल्या विद्यार्थिदशेतल्या शहराला पाठवलेली ती भेट होती. यात क्षमा किती, आठवण किती आणि त्या वेळचे राजकारण किती, हे मला सांगता येणार नाही. पण ते पक्षी आले आणि बागेत पुन्हा क्रौंच दिसू लागले.

आता माझ्या मनातली अस्वस्थता सांगतो. कोराकुएन इतकी चोख दुरुस्त झाली आहे की तिच्यात आगीची खूण शोधूनही सापडत नाही. माहितीपत्रकात पुराचा आणि बाँबचा उल्लेख येतो, पण तो वाचला नाही तर माणूस प्रसन्न मनाने फिरून, चहा पिऊन, छायाचित्रे काढून परत जातो. नदीपलीकडचा किल्लाही 1966 मध्ये सिमेंट-काँक्रीटमध्ये पुन्हा उभा राहिला आहे. बाहेरून तो जुनाच वाटतो. मोडलेले पूर्ववत करण्याची ही इच्छा मला समजते, आणि तिच्याबद्दल माझ्या मनात आदरही आहे. तरीही दुपारी हिरोशिमाला गेल्यावर जे पाहिले, त्यामुळे ओकायामात काय कमी आहे ते ठळकपणे कळले.

हिरोशिमा स्टेशनपासून पंधरा मिनिटे चालले की शुक्केइएन बाग लागते. ती कोराकुएनहून लहान आणि अधिक जुनी आहे. हिरोशिमाचा संस्थानिक आसानो नागाआकिरा याचा ज्येष्ठ सरदार उएदा सोको हा लढवय्या होता आणि चहाविधीचा आचार्यही. त्याने 1620 मध्ये ती आखली. मध्ये तलाव, तलावात लहान-लहान बेटे, काठाकाठाने वर-खाली होणारी वाट. तलाव ओलांडायला दगडी कमानीचा एक पूल आहे, त्याच्या नावात इंद्रधनुष्य येते. पाण्यातल्या प्रतिबिंबासह त्याचे पुरे वर्तुळ दिसते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याची पुन्हा बांधणी झाली. 1940 मध्ये आसानो घराण्याने बाग हिरोशिमा प्रांताला दिली, आणि पाचच वर्षांनी 6 ऑगस्ट उजाडला.

सकाळचे सव्वाआठ. शहराच्या माथ्यावर सुमारे 600 मीटर उंचीवर अणुबाँब फुटला. शुक्केइएन त्या जागेपासून दीड किलोमीटरच्या आत आहे. बागेतल्या वास्तू कोसळल्या, जळाल्या, झाडे उन्मळली. तो दगडी पूल मात्र टिकला. बागेच्या मागे नदी आहे, म्हणून भाजलेली, होरपळलेली माणसे पाण्याच्या ओढीने इकडे आली. अमेरिकी पत्रकार जॉन हर्सी यांचा हिरोशिमावरचा वृत्तांत 1946 च्या ऑगस्टअखेर ‘न्यू यॉर्कर’ने अख्ख्या अंकात छापला. त्यात आसानो पार्क या नावाने जी जागा येते ती हीच. तिथे आलेल्यांपैकी कितीतरी जण तिथेच मेले आणि तिथल्याच मातीत घाईघाईने पुरले गेले. त्यांची नावे कोणी लिहून घेतली नाहीत. घ्यायला कोणी नव्हते.

बाग दुरुस्त होऊन 1951 मध्ये पुन्हा उघडली. लोक येऊ लागले, शाळांच्या सहली येऊ लागल्या. पायाखाली कोण आहे हे हळूहळू विस्मरणात गेले. 1987 मध्ये एका जुन्या छायाचित्राच्या आधारे एक जागा नक्की करण्यात आली. तिथे खणल्यावर 64 जणांचे अवशेष मिळाले. आज त्या ठिकाणी एक साधा स्मृतिस्तंभ आहे. मी तिथे बराच वेळ उभा राहिलो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. ते छायाचित्र एखाद्या पेटीत कुजले असते, किंवा ‘काय करायचेय हे जपून’ म्हणून कोणी फाडून टाकले असते, तर ही 64 माणसे कायमची मातीत राहिली असती. ओकायामात संस्थानिकाच्या दप्तरातल्या चित्रावरून मंडप परत आला. इथे एका छायाचित्रावरून माणसे परत आली, बेचाळीस वर्षांनी.

याच बागेत एक गिंकोचा वृक्ष आहे. बाँब पडला तेव्हा तो होता आणि त्यातून तो जगला. त्याचा बुंधा स्फोटाच्या दिशेकडे कललेला आहे. त्याला कोणी सरळ केलेले नाही. झाडाजवळ त्याची माहिती सांगणारी पाटी आहे. हिरोशिमात स्फोटकेंद्रापासून सुमारे दोन किलोमीटरच्या परिसरात अशी जगलेली सुमारे 160 झाडे नोंदलेली आहेत. प्रत्येकाचे अंतर, प्रत्येकाची जात लिहून ठेवलेली आहे. त्यांच्या बिया 2011 पासून जगभर पाठवल्या जातात. या शहरात 75 वर्षे काही उगवणार नाही, अशी बातमी 1945 मध्ये पसरली होती. त्यानंतरच्या उन्हाळ्यांत ढिगाऱ्यांतून कण्हेर फुलली. आज कण्हेर हे हिरोशिमाचे अधिकृत फूल आहे. आपल्याकडे कुंपणाला आणि देवळाच्या आवारात सहज दिसणारे ते झाड तिथे रस्त्यांच्या कडेला लाल-गुलाबी फुलांनी लगडलेले पाहून मन भरून आले.

शुक्केइएनने मला हवे होते ते दाखवले. बाग पूर्ववत केली आहे, पूल दिमाखात उभा आहे, आणि त्याच वाटेवर मृतांचा स्तंभ आणि कललेले झाडही आहे. सौंदर्य आणि आघात यांपैकी एकाला पुढे करून दुसऱ्याला झाकलेले नाही. बाग अशी असावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिथून चालत हिरोशिमाच्या किल्ल्याकडे जाता येते. फार थोडे प्रवासी या वाटेने जातात, पण जायला हवे. 1894 मध्ये चीनशी युद्ध सुरू झाले तेव्हा जपानचे सर्वोच्च लष्करी मुख्यालय हिरोशिमात आले आणि सम्राट मेइजीचा मुक्काम या किल्ल्यात होता. त्या इमारतीच्या पायाचे दगड अजून दिसतात. उजिना बंदरातून सैन्य परदेशी जात असे. पाचवी डिव्हिजन हिरोशिमाची. हीच डिव्हिजन डिसेंबर 1941 मध्ये थायलंडच्या किनाऱ्यावर उतरून मलायातून सिंगापूरकडे सरकली. 15 फेब्रुवारी 1942 रोजी सिंगापूर पडले आणि 40,000 हून अधिक हिंदी सैनिक युद्धकैदी झाले. हिरोशिमा हे निव्वळ निरागस शहर होते, असे समजून तिथे जाणे मला अपुरे वाटते. त्याच वेळी, ज्यांच्यावर बाँब पडला ती बहुसंख्य माणसे दुकानदार, गृहिणी, म्हातारी आणि शाळकरी मुले होती. त्या दिवशी हवाई हल्ल्यातली आग पसरू नये म्हणून घरे पाडून मोकळे पट्टे करण्याच्या कामाला शाळांतली हजारो मुले जुंपलेली होती. त्यांतली सुमारे 6,000 मेली. किल्ल्याच्या आवारात लष्कराच्या संदेशकक्षाचा एक अर्धवट जमिनीत गाडलेला खंदक आहे. तिथे काम करणाऱ्या शाळकरी मुलींनी फुकुयामाला दूरध्वनी करून हिरोशिमा नष्ट झाल्याची पहिली खबर बाहेर पाठवली. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली.

वर्षअखेरपर्यंत सुमारे 1,40,000 माणसे मरण पावली. बाँब टाकणे हा अपराध होता, असे मी मानतो. जपानी सैन्याने चीनमधल्या नानकिंगमध्ये, सिंगापुरात, कोरियात काय अत्याचार केले हे सांगूनही तो अपराध हलका होत नाही, आणि तो अपराध सांगितल्याने नानकिंगही हलके होत नाही. दोन्ही वाक्ये एकाच श्वासात म्हणण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे. आपल्या लोकसभेत दरवर्षी 6 ऑगस्टच्या सुमारास हिरोशिमा-नागासाकीच्या मृतांना श्रद्धांजली वाहिली जाते. त्याच आपल्या देशाने 1974 आणि 1998 मध्ये अणुचाचण्या केल्या. सुरक्षेचे प्रश्न खरे आहेत. पण ती श्रद्धांजली मनापासून वाहायची असेल, तर हे शस्त्र काय करते हे प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवे.

हिरोशिमातले बाँबच्या स्मृतीचे शांतता उद्यान आज झाडांनी भरलेले आहे. केंझो तांगे या वास्तुविशारदाने त्याची आखणी केली, मृतांचा स्मृतिस्तंभ 1952 मध्ये झाला. पुष्कळ जणांना वाटते की ही जागा आधीपासूनच मोकळी होती. तसे नव्हते. हा नाकाजिमा नावाचा भरगच्च मोहल्ला होता. दुकाने, सराया, देवळे, नाटकगृह होते, आणि हजारो माणसे राहत होती. त्याच्यावर मातीचा भराव घालून उद्यान उभे राहिले. 2022 मध्ये उद्यानातल्या संग्रहालयाजवळ एक लहान इमारत खुली झाली. तिच्यात जमीन खणून त्या काळचा थर उघडा ठेवला आहे. जळून कोळसा झालेल्या चटया आणि लाकडी फळ्या तिथे दिसतात. झाडांखाली घरे आहेत, हे त्या एका खोलीत पटते.

नदीकाठी तो प्रसिद्ध घुमट, बाँबनंतर अर्धवट उभा राहिलेला. यान लेत्झेल या चेक वास्तुविशारदाने 1915 मध्ये बांधलेली ही इमारत. ती पाडावी की ठेवावी यावर शहरात वर्षानुवर्षे वाद झाला. ती पाहून जखम पुन्हा भळभळते, असे म्हणणाऱ्यांचे दुःख खोटे नव्हते. अखेर 1966 मध्ये नगरसभेने ती आहे तशी जपायचा ठराव केला, आणि 1996 मध्ये ती जागतिक वारसा ठरली. त्या वेळी अमेरिकेने त्या निर्णयापासून स्वतःला दूर ठेवले. चीननेही आपले आक्षेप नोंदवले, कारण आक्रमण नाकारणारे लोक याचा दुरुपयोग करतील अशी त्याला धास्ती होती. ओकायामाच्या किल्ल्याचा 1966 मध्ये नवा मनोरा उभा राहिला आणि त्याच वर्षी हिरोशिमाने एक मोडकी इमारत मोडकीच ठेवायची ठरवली. एका देशात, एकाच वर्षी, शेजारच्या दोन शहरांनी घेतलेले हे दोन निर्णय. मला दोन्ही समजतात, पण माझे मन घुमटाच्या बाजूला झुकते.

आठवणीतसुद्धा पहिली आणि मागची रांग असते, हेही तिथेच दिसते. बाँबमध्ये हजारो कोरियन मेले. त्यांतले अनेक सक्तीने कामाला आणलेले होते. त्यांचे स्मारक 1970 मध्ये झाले, पण उद्यानाच्या बाहेर, नदीपलीकडे. ते आत यायला 1999 उजाडावे लागले. शहरात युद्धकैदी असलेले बारा अमेरिकन विमानसैनिकही त्या दिवसाच्या बाँबने मेले. त्यांची कोणी विचारपूस केली नव्हती. शिगेआकी मोरी हे हिरोशिमाचे एक साधे नागरिक. लहानपणी स्वतः बाँबमधून वाचलेले. नोकरी सांभाळून त्यांनी अनेक दशके कागदपत्रे धुंडाळली, अमेरिकेत पत्रे पाठवली, फोन केले, आणि त्या बाराही जणांच्या घरच्यांपर्यंत खबर पोचवली. 2016 मध्ये अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष ओबामा यांनी त्यांना मिठी मारली तो क्षण जगाने पाहिला. त्याआधीची ती सगळी वर्षे कोणी पाहिली नव्हती.

आता मी माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. तुम्ही विचाराल, यात आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. मार्च 1944 मध्ये मणिपूरमधल्या सांगशाक इथे जपानी सैन्याला रोखणाऱ्यांत पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन होती. युद्ध संपल्यावर ताब्यातल्या जपानमध्ये राष्ट्रकुलाचे जे सैन्य आले, त्यात ब्रिटिश आणि हिंदी सैनिकांची एक डिव्हिजन होती. तिचे मुख्यालय कुठे होते? ओकायामात. तिच्यातल्या हिंदी ब्रिगेडचे नेतृत्व पुढे आपले लष्करप्रमुख झालेले के. एस. थिमय्या करत होते. आणि त्या ब्रिगेडमध्ये 1946-47 मध्ये मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, आपली जंगी पलटण, होती. इटलीत एप्रिल 1945 मध्ये नामदेव जाधव यांनी ज्या बटालियनमधून लढताना व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तीच ही. म्हणजे सातारा, कोल्हापूर, नगर, रत्नागिरीकडची तरणीबांड मुले इटलीतल्या खंदकांतून निघून पश्चिम जपानात पोचली. हिरोशिमाची राख जेमतेम थंड झालेली होती. त्यांनी काय पाहिले? उपाशी मुलांना त्यांनी आपल्या शिध्यातले दिले का? जळलेले ओकायामा त्यांच्यातल्या कोणी पाहिले का? ज्या बागेवरून पुण्यात बाग आखली गेली, तिच्या उजाड जागेतून एखादा मराठी जवान चालला असेल का?

लष्करी इतिहासांत हालचाली, तुकड्या, तारखा मिळतात. पण गावाकडे पाठवलेले पत्र, गटाने काढलेले छायाचित्र, सुट्टीवर आल्यावर चावडीवर सांगितलेली हकिकत, यांचा शोध मराठीत कोणी चिकाटीने घेतल्याचे मला दिसले नाही. ती मुले आज हयात असण्याची शक्यता जवळपास संपली आहे. त्यांच्या मुलांची पिढीही सत्तरीत आहे. घराघरांतल्या लोखंडी पेट्यांत अजून काही असेल तर ते आता शेवटच्या हाती आहे. माळ्यावरची ती पेटी भंगारवाल्याकडे जायला एक दिवाळीची साफसफाई पुरते.

म्हणून या व्यासपीठावरून माझी विनंती अगदी साधी आहे. तुमच्या घरात, आजोळी, शेजारी, मराठा पलटणीतल्या कोणाची 1946-47 ची काही आठवण असेल, मग ते छायाचित्र असो, पाकिटावरचा पोस्टाचा शिक्का असो, जपानहून आणलेली एखादी वस्तू असो वा नुसती ऐकलेली गोष्ट असो, ती फेकू नका. छायाचित्राच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि वर्ष लिहा. ऐकलेली गोष्ट वहीत उतरवा, कोणाकडून आणि कधी ऐकली तेही नोंदवा. वस्तू घरातच ठेवा, पण तिची एक प्रत गावच्या ग्रंथालयात द्या आणि एक बेळगावला, मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेजिमेंटल सेंटरला पाठवा. व्याख्यान संपल्यावर सभागृहाच्या दाराशी कार्यकर्ते एक वही घेऊन बसतील. ज्यांच्याकडे काही आहे, किंवा ज्यांना कोणाकडे असल्याचे ठाऊक आहे, त्यांनी तिच्यात आपले नाव आणि फोन नंबर आजच लिहून जावे.